आधी आपले आळे पाहावे

इब्रीसारख्या गावी राहणाऱ्या माणसाला दूरचा दोष शोधण्याची सवय फार लवकर लागते. मस्कत येथून सुमारे तीनशे किलोमीटर. समुद्र दूर, विमानतळ दूर आणि आपली माणसे तर अरबी समुद्राच्या पैलतीरावर. त्यामुळे घरात काही अडले की त्याचे कारण कोठेतरी लांब असणार, असे आपण आधीच ठरवून मोकळे होतो. पार्सल आले नाही, तर ते मस्कतला अडकले असेल; फोनवर आईचा आवाज तुटला, तर समुद्रातली तार बिघडली असेल. ही सवय मलाही होती. एका गुरुवारी रात्री ती मोडली, आणि ती मोडताना मला माझ्या मुलीची क्षमा मागावी लागली. ती हकीकत येथे सांगावयाची आहे. विषय तसा अगदी साधा, घरचे इंटरनेट बंद पडण्याचा आहे. परंतु आपल्यापैकी क्वचितच एखादे घर असे असेल, की जेथे हा प्रसंग आला नाही. म्हणून ती कोणाला उपयोगीही पडेल.

माझे वडील १९७९ साली रत्नागिरी जिल्ह्यातून नोकरीसाठी मस्कतला आले. माझा जन्म, माझी शाळा आणि पुढचे शिक्षण हे सारे ह्याच देशात झाले, आणि गेली पंधरा वर्षे मी इब्रीत मुलांना भौतिकशास्त्र शिकवते आहे. यजमान दक्षिणेकडे फहूदच्या तेलक्षेत्रावर कामाला असतात. दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. म्हणजे घरातील निम्म्या दिवसांच्या दुरुस्त्या माझ्याच वाट्याला येतात. आमच्या घरी इंटरनेटची तार आलेली नाही. खिडकीशी ठेवलेला एक राउटर हवेतूनच समोरच्या मनोऱ्याशी बोलतो आणि घरातल्या सर्वांना वायफाय पुरवतो.

त्या गुरुवारी मुलगी भारतातील एका प्रवेश-परीक्षेचा अर्ज भरत बसली होती. ती बारावीत होती. अर्जाची मुदत त्याच रात्री बारा वाजता संपणार होती. आणि भारतात रात्रीचे बारा म्हणजे आमच्याकडे साडेदहा, हे येथील प्रत्येक आईला तोंडपाठ असते. पावणेनऊच्या सुमारास शुल्क भरण्याचे पान उघडेना. मुलीने पुन्हा प्रयत्न केला. दुसरे पान उघडेना, तिसरे उघडेना. ब्राउझरच्या माथ्यावर ते लहानसे चक्र नुसते फिरत राहिले. चमत्कारिक गोष्ट अशी, की वायफायचे चिन्ह मात्र पुरते उमटलेले होते, आणि मोबाइलवर एकदोन निरोपही येऊन पडत होते. म्हणजे इंटरनेट आहे म्हणावे, तर एकही संकेतस्थळ उघडत नाही. आणि नाही म्हणावे, तर निरोप येत आहेत!

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावे, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्यात आणि काय घडते ते पाहावे. त्या रात्री मी नेमके ह्याच्या उलट केले. मी राउटर बंद केला, लॅपटॉप बंद केला, वायफायचा परवलीचा शब्द बदलला, ब्राउझर काढून दुसरा आणला, आणि ह्यांपैकी कशाने काय झाले हे न पाहताच पुढच्या गोष्टीकडे वळले. मध्येच मी ठरवून टाकले, की आज कंपनीचा मनोराच बिघडला असला पाहिजे. कंपनीचा फोन लागेना. मग राग काढावयाला जवळचे माणूस हवे होते, ते समोरच बसले होते. मागच्या आठवड्यात मुलीने राउटर टीव्हीमागच्या कोपऱ्यातून उचलून खिडकीशी ठेवला होता. मी म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं त्याला हात लावायला? तूच काहीतरी करून ठेवलंयस. आणि नको नको ते उतरवून घेत असतेस, त्याचंच हे फळ."

ती एवढेच म्हणाली, "आई, मी फक्त जागा बदलली."

मी ऐकले नाही. अर्धा तास मी तिला बोलत होते आणि यंत्रांशी झटत होते. सव्वानऊ वाजता माझ्या शाळेतील एका केरळी सहशिक्षकांना मी फोन केला. त्यांनी मला काहीही करावयास सांगितले नाही. फक्त एक प्रश्न विचारला. "मोबाइलचे वायफाय बंद करून, मोबाइलच्याच डेटावर तेच पान उघडते का, एवढे पाहा." उघडले! म्हणजे संकेतस्थळ जागच्या जागी होते. मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्यावर जोडला, आणि दहाला दहा कमी असताना अर्ज आणि शुल्क दोन्ही पोहोचले. ज्या कामाला मुदत आहे, ते आधी दुसऱ्या वाटेने उरकून घ्यावे आणि दोष मागाहून शोधावा, हा त्या रात्रीचा पहिला धडा. परंतु मुलीने पावतीचा कागद उचलला आणि माझ्याकडे न पाहता ती आपल्या खोलीत निघून गेली. अर्ज वाचला होता. दुसरे काहीतरी मोडले होते.

शुक्रवारची सकाळ सुट्टीची. पहाटे मला वडिलांची आठवण झाली. ते एकदा इब्रीत आमच्याकडे राहावयाला आले असता रोज सकाळी खजुरीच्या बागांतून फिरून येत. तेथील फलज त्यांना फार आवडे. फलज म्हणजे डोंगरपायथ्याच्या पाण्यापासून निव्वळ उताराच्या बळावर गावापर्यंत आणलेला पाट. असे सुमारे तीन हजार फलज ह्या देशात अजून वाहत आहेत, आणि त्यांपैकी पाचांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पाण्याच्या पाळ्या पूर्वी दिवसा सूर्याच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजीत. फलजाचा कारभार पाहणाऱ्याला येथे 'वकील' म्हणतात, ह्याची वडिलांना मोठी मौज वाटे. ते म्हणत, "आमच्या पोफळीच्या बागेत हेच होतं. झाडाला पाणी मिळालं नाही, की पोरं धावत वर, नदीवरच्या बंधाऱ्याकडे जायची. तुझे आजोबा त्यांना हाक मारून परत बोलवायचे. म्हणायचे, आधी आपलं आळं पाहा. मग दांड पाहा. मग पाट पाहा. बंधारा शेवटी."

त्या सकाळी मी वहीचे कोरे पान घेतले आणि आळ्यापासून निघाले.

पहिले आळे म्हणजे स्वतः राउटर. त्याच्या अंगावरचे दिवे लागले आहेत काय, हे आधी पाहावे. आमच्याकडे सर्व दिवे लागलेले होते. मग तो बंद करून, सावकाश तीस आकडे मोजून पुन्हा सुरू करावा आणि दोनतीन मिनिटे त्याला हात लावू नये. राउटर हा एक छोटा संगणकच आहे. महिनोन्‌महिने न थांबता चालून, त्यातून इब्रीच्या उन्हाळ्यात तापून, तो कधी कधी आपल्याच कामात गुरफटतो. बंद करून सुरू केल्याने त्याची पाटी कोरी होते. पुष्कळ घरांतील बिघाड एवढ्यानेच जातो. मात्र त्याच्या पाठीवर सुईने दाबण्याचे जे बारीक छिद्र असते, त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याने राउटर नुसता झोपून उठत नाही. त्याला शिकवलेले सर्व काही तो विसरतो. आदल्या रात्री माझ्या हातात टाचणी होती, हे आता लाजत लाजत सांगते.

दुसरा प्रश्न असा, की बिघाड एका यंत्रावर आहे की सर्वांवर? एकाच लॅपटॉपवर पाने उघडत नसतील, तर राउटर निर्दोष समजावा आणि त्या लॅपटॉपची चौकशी करावी. त्याच्या घड्याळातील तारीख बरोबर आहे काय, हे पाहावयाला माणसे हमखास विसरतात. सुरक्षित संकेतस्थळे ब्राउझरला आपले ओळखपत्र दाखवीत असतात, आणि त्या ओळखपत्रावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असे लिहिलेले असते. लॅपटॉपचे घड्याळ चुकून मागल्या सालात गेले असेल, तर ब्राउझर खऱ्या ओळखपत्रालाही खोटे मानतो आणि दार लावून घेतो. आमच्याकडे तारीख बरोबर होती, आणि लॅपटॉप, टॅब, मोबाइल ह्या तिन्ही यंत्रांवर वायफायवरून पाने उघडत नव्हती. म्हणजे लॅपटॉप सुटला. मुलीने 'उतरवून घेतलेले' काही असते, तर ते एका यंत्रावर असते; तेव्हा त्या आरोपातून मुलगीही येथेच सुटली. वहीत मी तसे लिहिले.

तिसरा प्रश्न, एकच संकेतस्थळ बंद आहे की सर्व? एकच असेल, तर ते त्यांच्याकडे बंद असण्याचा संभव मोठा; थोडे थांबावे हे उत्तम. आमच्याकडे सर्वच बंद होती. सर्व बंद असताना महिन्याचे देयक भरले आहे ना, हेही पाहून घ्यावे. ते मी भरले होते.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो मला त्या सहशिक्षकांनीच सांगितला होता. बिघाड वाटेत आहे की नावात? हे नीट समजण्यासाठी थोडे विषयांतर करते. ओमानात पोस्टमन आपल्या दारी पत्र आणीत नाही. पत्र येते ते पोस्ट बॉक्सच्या क्रमांकावर. पाठवणाऱ्याला माझे नाव ठाऊक असले, तरी क्रमांक ठाऊक नसेल, तर पत्र माझ्यापर्यंत पोहोचावयाचे नाही. इंटरनेटवरही तसेच आहे. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो. परंतु प्रत्यक्ष पत्ता हा आकड्यांचा असतो. नाव सांगितले की आकडे सांगणारी एक व्यवस्था मधे बसलेली असते, तिला डीएनएस म्हणतात. प्रारंभी जगातील अशा सर्व संगणकांची एकच यादी अमेरिकेत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर ह्या बाई आणि त्यांचे सहकारी सांभाळीत, आणि ज्याला त्याला ती यादी तेथून उतरवून घ्यावी लागे. संगणक वाढले, तशी एका यादीने भागेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस ह्यांनी ही विभागलेली व्यवस्था आखली. यादी एकाच्या हाती न ठेवता, ज्याची माहिती त्याने सांभाळावी आणि विचारणाऱ्याला योग्य दाराकडे पाठवावे, असे तिचे तत्त्व आहे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात माइक म्यूस नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकनाने 'पिंग' नावाचा छोटासा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीचा शोध घेणारे यंत्र पाण्यात आवाज सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते. त्या आवाजावरून हे नाव. दूरच्या संगणकाला हाक मारावयाची आणि ओ येते का ते पाहावयाचे, एवढेच त्याचे काम. मी लॅपटॉपवर ती काळी चौकट उघडली आणि आधी 'पिंग' लिहून पुढे '८.८.८.८' हा आकड्यांचा पत्ता दिला. हा गूगलने २००९ साली सर्वांसाठी खुल्या केलेल्या डीएनएसचा पत्ता असून लक्षात ठेवावयास सोपा आहे. चार हाका मारल्या. चारही वेळा ओ आली! म्हणजे मनोरा ठीक, वाट ठीक, समुद्रातली तारही ठीक. मग आकड्यांऐवजी एका प्रसिद्ध संकेतस्थळाचे नाव लिहिले. उत्तर आले, की ह्या नावाचा पत्ता सापडत नाही.

सर्व उलगडा झाला. पाणी पाटात होते. कोणाच्या आळ्यात जावयाचे, हे सांगणारा जागेवर नव्हता. निरोप का येत होते, हेही समजले. अशी काही ॲप आधीची जोडणी धरून ठेवतात किंवा आपले आकडे पदरी बाळगून असतात. त्यांना दर वेळी नाव विचारावे लागत नाही.

आता तो सांगणारा कोण, एवढेच पाहावयाचे राहिले. राउटरच्या पाठीवर त्याच्या घरचा पत्ता छापलेला असतो. तोही आकड्यांचाच असल्यामुळे डीएनएस नसतानाही उघडतो. मी तो ब्राउझरमध्ये लिहिला, परवलीचा शब्द दिला आणि आतल्या पानावर डीएनएसची जागा शोधून काढली. तेथे कंपनीचे आकडे नव्हते. तेथे दुसरेच दोन पत्ते होते, आणि ते मी ओळखले.

दोन वर्षांपूर्वी मुलगी पंधरा वर्षांची झाली तेव्हा, काही ऐकीव गोष्टींनी घाबरून, मी एक सेवा घेतली होती. मुलांनी पाहू नयेत अशा संकेतस्थळांची नावे विचारली असता त्यांचा पत्ताच न सांगणारा असा तो एक पहारेकरी डीएनएस होता. एका दुपारी मुले शाळेतून येण्यापूर्वी मी ते दोन पत्ते राउटरमध्ये लिहिले आणि कोणालाही, यजमानांनाही, सांगितले नाही. मुलीवर माझा विश्वास नव्हता, असे मी तेव्हा म्हटले नसते. काळजी म्हटले असते. मग मी ते विसरून गेले. आता जुनी ई-पत्रे चाळली, तेव्हा ती सेवा बंद होत असल्याची सूचना तीन महिन्यांपूर्वीच येऊन पडलेली दिसली. मी ती उघडलीच नव्हती. गुरुवारी रात्री तो पहारेकरी नोकरी सोडून गेला, आणि त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्या वाटांचे पत्ते गेले.

दोष मनोऱ्यात नव्हता, समुद्रात नव्हता, आणि मुलीने हलवलेल्या राउटरमध्ये तर नव्हताच. तो माझ्या हातचा होता. आणि ज्या मुलीवर मी तो ढकलला, तिच्याचविषयीच्या अविश्वासातून तो निघालेला होता. ते दोन्ही पत्ते खोडून, 'कंपनीचे आपोआप घ्यावेत' ह्या खुणेवर टिचकी मारावयाला मला अर्धे मिनिट लागले. पाने भराभर उघडली. मुलीच्या खोलीचे दार ठोठावयाला मात्र बराच वेळ लागला.

मी तिला सर्व सांगितले. पंचेचाळिशीच्या जवळ आलेल्या शिक्षिकेने आपल्या मुलीसमोर 'माझे चुकले' म्हणणे सोपे नसते. आपण लाल शाईने इतरांच्या चुका दाखवण्यात आयुष्य घालवलेले असते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, मला विचारलं असतंस, तर मीच लावून दिलं असतं. छोट्यासाठी तर ते हवंच आहे." तिचा धाकटा भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच दुपारी तिने अशीच एक चालू असलेली सेवा शोधून काढली आणि माझ्या शेजारी बसून, भावाला दाखवून, ती फक्त त्याच्या टॅबवर बसवली. दोन वर्षे चोरून ठेवलेला पहारा जे करू शकला नाही, ते दहा मिनिटांच्या उघड बोलण्याने झाले.

कोणी म्हणेल, दोष नेहमी जवळच असतो काय? मुळीच नाही. २००८ सालच्या जानेवारीच्या ३० तारखेला इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राच्या तळाशी असलेल्या दोन केबली तुटल्या, आणि दोनच दिवसांनी दुबईनजीक ओमानकडे जाणारी तिसरी तुटली. भारतापासून आखातापर्यंत इंटरनेट मंदावले. ही तिसरी केबल दुरुस्त करावयाला गेलेल्यांना तेथे कोण्या जहाजाने टाकून दिलेला पाचसहा टनांचा नांगर सापडला. त्या दिवसांत आम्ही कितीही वेळा राउटर बंद-चालू केला असता, तरी काय उपयोग होता? परंतु दोष दूरचा आहे, असे म्हणण्याचा अधिकार जवळचे सर्व पाहून झाल्यावरच मिळतो. पाहिल्यावाचून म्हटले, तर ती एक सबब होते. आणि जवळच्या माणसावर ढकलले, तर अन्याय होतो. परदेशात घर करून राहणाऱ्या आपणा लोकांना ह्या दोन्हींचा मोह जरा अधिकच असतो, असे मला वाटते. मुलांशी बोलणे तुटले, तरी आपण म्हणतो, 'हा येथल्या हवेचा परिणाम', 'हा मोबाइलचा परिणाम'. बंधाऱ्यापर्यंत धावत जाऊन येतो. आळे पाहावयाचे राहते.

आता आमच्या राउटरशेजारी एक लहान वही दोऱ्याने बांधलेली आहे. घरात कोणीही ह्या यंत्रात काही बदलले, तर तारीख, काय बदलले आणि का बदलले, हे तीत लिहावयाचे आणि खाली सही करावयाची, असा नियम आहे. पहिल्या पानावर मुलीच्या अक्षरात पाच प्रश्न आहेत. दिवे लागले आहेत का? एक यंत्र की सर्व? एक संकेतस्थळ की सर्व? आकड्याला ओ येते का, आणि नावाला? पाचवा प्रश्न तिने आपल्या मनाने घातला, आणि तो सर्वांच्या वर, पहिल्या क्रमांकावर लिहिला : 'शेवटचा बदल कोणी केला?'

त्याखालची पहिली सही माझी आहे.